विज्ञानाच्या वहीत मुलाचं स्वतःचं वाक्य कसं येईल?

सातवीच्या पंचेचाळीस वह्या टेबलावर घ्या आणि पाणी उकळण्याच्या प्रयोगाचं पान उघडा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. शब्द तेच, क्रम तोच, चुकलेला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तोच, कारण तो फळ्यावरच चुकला होता. आणि निरीक्षणाच्या रकान्यात सगळ्यांचा आकडा एकच: १०० अंश सेल्सिअस.

इंदुरात हे होणं कठीण आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे पंचेचाळीस मुलांनी एक तर थर्मामीटरकडे पाहिलंच नाही, किंवा पाहिलं आणि पुस्तकाच्या धाकाने आकडा बदलला. दुसरी शक्यता जास्त काळजीची आहे.

मुलांची भाषा कच्ची आहे म्हणून लिखाण कच्चं, अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. ज्या मुलाने स्वतः काही पाहिलं नाही, ठरवलं नाही, त्याला सुंदर भाषा आली तरी तो लिहिणार काय? म्हणून पुढची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: महिन्यातून एकच उतारा लिहून घ्यायचा, पण तो मुलाचा स्वतःचा आणि दोनदा लिहिलेला. बाकी दिवशी वहीत काय उतरवायचं ते उतरवू द्या, शाळेचा अभ्यासक्रम कुणाला चुकलाय!

आधी वही वेगळी करा

पक्क्या वहीत मूल कधीच खरं लिहीत नाही. ती वही पालक बघतात, मुख्याध्यापिका बघतात, तपासणीला येणारे साहेब बघतात. म्हणून शंभर पानी साधी वही वेगळी ठेवायला सांगा, तिला कच्ची वहीच म्हणा. तिचे नियम थोडे आणि कडक:

- पेनाने लिहायचं. खोडरबर आणि व्हाइटनर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.
- तारीख आणि वेळ आधी, मग बाकी सगळं.
- आकडा दिसला की लगेच एककासकट. ‘९८’ नाही, ‘९८ अंश से.’
- या वहीत अक्षराला, शुद्धलेखनाला गुण नाहीत आणि भाषेला बंधन नाही.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारून घ्या. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. सुरुवातीला मुलं ‘पाणी गरम झाल्यामुळे हवा बाहेर आली’ हे डावीकडे लिहितात. त्यांना एवढंच विचारायचं: ‘हवा दिसली का?’ दिसले ते बीकरच्या तळाशी चिकटलेले बारीक बुडबुडे. ती हवा होती हा अंदाज आहे, चांगला अंदाज आहे, पण त्याची जागा उजवीकडे. सहावीच्या मुलांना हे दोन-तीन प्रयोगांत जमतं. आठवीच्या मुलांना उलट जास्त वेळ लागतो, कारण तोवर त्यांना ‘यावरून सिद्ध होते की’ची सवय जडलेली असते.

उकळतं पाणी, तीन पिरियड

हा एक प्रयोग सविस्तर सांगते, कारण एवढा नीट बसला की बाकीचे आपोआप बसतात.

पहिला पिरियड निव्वळ मोजण्याचा. वर्गाचे पाच-सहा गट. प्रत्येक गटाला २५० मिलिचा बीकर, त्यात १५० मिलि पाणी, स्टँड, स्पिरिटचा दिवा आणि ११० अंशांपर्यंतचं थर्मामीटर. पाऱ्याचं नको, लाल द्रवाचं घ्या. फुटलं तर निस्तरायला सोपं जातं. दिवे तुम्ही स्वतः पेटवा आणि प्रत्येक टेबलावर ओलं फडकं ठेवा. थर्मामीटर दोऱ्याने टांगायचं: फुगा पाण्यात बुडालेला, तळाला टेकलेला नाही. तळाला टेकला की आकडा फसवा येतो. दर मिनिटाला एक जण वाचणार, एक जण लिहिणार, मग अदलाबदल. वाचताना डोळा द्रवाच्या पातळीला, वरून वाकून नाही.

पस्तीस-चाळीस मिनिटांत हे बसवायचं तर पाणी आधीच कोमट करून थर्मासमधून आणावं लागतं. तोटा एवढाच की सुरुवातीचे बारीक बुडबुडे मग फारसे दिसत नाहीत, कारण विरघळलेली हवा बरीचशी आधीच निघून गेलेली असते. वेळ असेल तर नळाचंच पाणी घ्या. शेवटी एका भांड्यात वितळता बर्फ ठेवून प्रत्येक गटाने आपलं थर्मामीटर त्यात बुडवायचं आणि आकडा टिपायचा. स्वस्त थर्मामीटरात एखाद्या अंशाचा फरक सहज असतो. तो कुठे शोधायचा हे मुलांना कळलं की ‘आमचं थर्मामीटरच खराब होतं’ ही पळवाट बंद होते. शून्यापाशी बरोबर म्हणजे शंभरापाशीही बरोबर असेलच असं नाही, पण सातवीला एवढी शंका पुरे.

दुसरा पिरियड बोलण्याचा. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर: ९८, ९७, ९८, ९९, ९८. या वेळी तुम्ही काहीही समजावून सांगू नका. कुणीतरी म्हणणारच, ‘मॅम, पुस्तकात तर शंभर आहे.’ विचारा, मग कोण खोटं बोलतंय, पुस्तक की पाच थर्मामीटरं? वर्ग तापू द्या. कुणी म्हणेल आच कमी होती, कुणी म्हणेल नर्मदेच्या पाण्यात क्षार जास्त. प्रत्येक कारणाला एकच प्रश्न: असं असतं तर आणखी काय दिसलं असतं? आच कमी असती तर आकडा हळूहळू चढतच राहिला असता. तो तर उकळी फुटल्यावर जागचा हलला नाही. क्षारांनी उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. इतकं झाल्यावर उंची आणि हवेचा दाब हा धागा तुम्ही द्यायचा. दर ३०० मीटर चढलं की पाण्याचं उकळणं अंदाजे एका अंशाने खाली येतं. मग अंदाज बांधायला लावा: महेश्वरला, नर्मदेकाठी, दीडशे-एक मीटर उंचीवर किती? जानापावच्या डोंगरावर, ८५० मीटरच्या आसपास किती? शेवटची दहा मिनिटं शांत बसून लेखन. सात-आठ ओळी, जास्त नको.

तिसरा पिरियड पुन्हा लिहिण्याचा. तो कापू नका. अभ्यासक्रम मागे पडला की आपण सगळे आधी हाच पिरियड कापतो.

पहिला मसुदा, दुसरा मसुदा

दहा मिनिटांत लिहिलेला पहिला मसुदा बहुतेक असा येतो (मूळ लेखन हिंदीत असतं, इथे मराठीत देते):

‘पाणी उकळवले. थर्मामीटर लावले. पाणी ९८ ला उकळले पण उत्कलनांक १०० असतो. प्रयोग यशस्वी झाला.’

यात चुका शोधायला बसलात तर पान लाल होईल आणि मुलाच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी शोधा: तो काय ठामपणे सांगतोय, त्याला आधार कोणता, आणि आधारावरून तिथे तो पोचला कसा. दावा, पुरावा, तर्क. वरच्या मसुद्यात दावे दोन आहेत आणि एकमेकांशी भांडताहेत, पुरावा एकच आकडा आहे, तर्क मुळीच नाही. त्याच्या वहीत तुम्ही लिहायचं एवढंच: ‘तुझा आकडा आणि पुस्तकाचा आकडा, दोन्ही बरोबर कसे असू शकतील?’

दुसरा मसुदा, तिसऱ्या पिरियडचा:

‘आमच्या बीकरमधलं पाणी ९८ अंश सेल्सिअसला उकळलं. ९व्या मिनिटापासून १२व्या मिनिटापर्यंत आच चालू होती तरी आकडा बदलला नाही. बर्फात आमचं थर्मामीटर ० दाखवत होतं. पुस्तकातला १०० हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. इंदूर उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी आहे, म्हणून पाणी लवकर उकळतं.’

हे सातवीला उत्तम आहे, पण काम संपलेलं नाही. शेवटच्या वाक्यातल्या ‘लवकर’खाली रेघ मारा आणि समासात विचारा: ‘कमी वेळात की कमी तापमानाला?’ मूल थबकतं. त्याला म्हणायचं असतं कमी तापमानाला, पण वाचणारा समजेल कमी वेळात. विज्ञानाच्या लिखाणातला बहुतेक धूसरपणा असल्याच जागी असतो: ‘लवकर’, ‘जास्त’, ‘चांगलं’, ‘ते’, ‘त्यामुळे’. ‘ते पिवळं पडलं’, म्हणजे काय पिवळं पडलं, पान की पाणी? या पाच शब्दांची चिठ्ठी वर्गात लावून ठेवली की मुलं एकमेकांच्या वह्यांतून ते हुडकून काढायला लागतात, आणि त्यात त्यांना भलताच आनंद होतो.

ज्यांना सुरुवातच सुचत नाही त्यांच्यासाठी वाक्यांचे तुकडे फळ्यावर द्या: ‘मला असं वाटतं की…’, ‘कारण आम्हाला दिसलं की…’, ‘यावरून असं म्हणता येतं, कारण…’. दोन-तीन महिन्यांनी ते पुसून टाका. नाहीतर फळ्यावरचे तयार निष्कर्ष जाऊन त्यांच्या जागी फळ्यावरचे तयार तुकडे येतात, एवढाच फरक पडतो.

हे आपल्याच भागात होऊन गेलंय

हे कुठून तरी परदेशातून आलेलं खूळ वाटत असेल तर आपल्या शेजारचा इतिहास आठवा. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या, आजच्या नर्मदापुरमच्या, १६ माध्यमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी सरकारी शाळांतच विज्ञान शिकवण्याचा वेगळा कार्यक्रम सुरू केला. मुलं गटात प्रयोग करायची. त्यांच्या हातात असलेल्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरांऐवजी प्रश्न असायचे आणि उत्तरं मुलांनी आपल्या वहीत, आपल्या शब्दांत लिहायची. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडून बसायला परवानगी होती. प्रयोगाचीही परीक्षा असायची. वहीत स्वतः नीट लिहिलेलं नसेल तर ती उघडून उपयोग काय, हे मुलांना कुणी वेगळं सांगावं लागत नसे. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे हे काम चालवलं आणि ते माळव्यातल्या शाळांपर्यंतही पोचलं. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं साध्या सरकारी शाळांमध्ये, खेड्यातल्या मुलांकडून हे होत होतं. तेव्हा ‘आमच्या मुलांना झेपणार नाही’ हे कारण निदान मध्य प्रदेशात बसून देऊ नये.

कृती लिहायला पोहे

प्रयोगाची कृती हा भाग सगळ्यात रटाळ मानला जातो. खरं तर तो शिकवायला सगळ्यात सोपा, कारण चूक लगेच डोळ्यांसमोर दिसते.

इंदूरच्या वर्गात पोह्यांइतकं सोयीचं साहित्य दुसरं नाही. प्रत्येक जोडीला ५० ग्रॅम जाडे पोहे. एकाने ‘पोहे भिजवण्याची कृती’ लिहायची, दुसऱ्याने अक्षरशः तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल न लावता. ‘पोह्यात पाणी घाला’ असं लिहिलं असेल तर दुसरा खुशाल तांब्याभर पाणी ओततो. ‘थोडा वेळ ठेवा’, तर तो ठेवतो तासभर. ‘निथळा’ लिहायला विसरलं की खीर होते. हसून झालं की कृती पुन्हा लिहायची: किती मिलि, किती मिनिटं, चाळणीत किती वेळ. भिजवण्याआधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की यातूनच खरा प्रश्न निघतो, पोह्यांनी किती पाणी शोषलं? दोन जोड्यांची उत्तरं वेगळी आली की कारण कृतीत शोधायचं. कृती इतकी तपशिलात का लिहायची, हे यानंतर फारसं सांगावं लागत नाही.

पक्क्या वहीत कृतीसाठी ‘…घेतले जाते, …ठेवले जाते’ ही भाषा शाळा मागतात. माझं मत विचाराल तर आठवीपर्यंत ‘आम्ही घेतलं, आम्ही ठेवलं’ चालू द्यावं. कुणी केलं ते स्पष्ट असलं की कुठे चुकलं तेही सापडतं.

पंचेचाळीस वह्या तपासायच्या कशा

इथे बहुतेक उत्साह संपतो, म्हणून हिशेब आधी मांडू. एका उताऱ्याला एक मिनिट धरा. त्याहून जास्त वेळ लागतोय म्हणजे तुम्ही तपासत नाही, दुरुस्त करत आहात, आणि दुरुस्ती मुलाने करायची आहे.

पहिल्या मसुद्याला गुण देऊ नका, शुद्धलेखनालाही हात लावू नका. वाचायचं आणि तीन थप्प्या करायच्या. पहिली: दावा आहे, पुरावा आहे, दोघांना जोडणारं कारण आहे. दुसरी: दावा आणि पुरावा आहे, कारण नाही. तिसरी: नुसता दावा. दुसरी थप्पी नेहमी सगळ्यात मोठी निघते, आणि तिसऱ्या पिरियडला तुम्ही वर्गाला काय शिकवायचं ते तीच सांगते. प्रत्येक वहीवर एकच प्रश्न लिहा. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ आणि नुसती सही, या तिन्हींतून मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही.

पहिल्या थप्पीतली एक वही, नाव झाकून, मुलाची परवानगी घेऊन, वर्गात मोठ्याने वाचा. दुसऱ्या थप्पीतलीही एक वाचा आणि वर्गालाच विचारा, कुठे अडखळलात? चांगला नमुना आपण लिहून दिला तर पंचेचाळीस नकला येतात. वर्गातल्याच मुलाचा वाचला तर ‘मलाही जमेल’ असं वाटतं.

दुसऱ्या मसुद्याला गुण द्यायचे ते चार प्रश्नांवर, आणि हे प्रश्न मुलांना आधीच माहीत हवेत: तुझं म्हणणं एका वाक्यात आहे का? त्याला तुझ्या कच्च्या वहीतला आकडा किंवा निरीक्षण आहे का? ते निरीक्षण या म्हणण्याला आधार कसा देतं ते लिहिलंस का? आणि तुझ्या आजीने हे वाचलं तर तुला न विचारता तिला कळेल का? प्रत्येकी एक गुण. शुद्धलेखन आता बघा, पण गुणांत नको.

तीन भाषांचं मूल

आपल्याकडचं मराठी मूल घरी आजीशी मराठी बोलतं, गल्लीत माळवी वळणाची हिंदी, आणि शाळेत त्याच्याकडून अपेक्षा इंग्रजीची किंवा शुद्ध हिंदीची. विचार एका भाषेत आणि लिखाण दुसऱ्या भाषेत असलं की मूल सोपी वाट धरतं, म्हणजे पाठ केलेलं वाक्य. गटातलं बोलणं आणि कच्ची वही कुठल्याही भाषेत, हवी तशी मिसळून होऊ द्या. परीक्षेच्या भाषेत फक्त दुसरा मसुदा. त्या धड्याचे सात-आठ पारिभाषिक शब्द भिंतीवर लावले की पुरतं. वाक्यरचना साधी राहिली तरी हरकत नाही, विचार मुलाचा असला पाहिजे. पालकांनी घरी अभ्यास घेताना हेच करावं: आधी ‘मला मराठीत सांग, काय झालं?’ आणि मग लेखन. मुलाला तोंडी सांगता येत नसेल तर अडचण विज्ञानाची आहे. सांगता येतं पण लिहिता येत नसेल तर भाषेची. दोन्हींचे उपाय निराळे.

वाचणारा दुसरा कुणी द्या

सगळं लिखाण मॅडमसाठी असलं की मूल अर्ध्या गोष्टी गाळतं, मॅडमना ठाऊकच आहे म्हणून. वर्षातून एक-दोनदा वाचणारा बदला. आपल्या शहरात विषय दारातच उभा असतो. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर काढणाऱ्या इंदुरात ओला-सुका वेगळा करणं मुलांच्या अंगवळणी आहे, आणि ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा, दिवसाला ५५० टन कचरा घेऊ शकणारा प्रकल्प २०२२ पासून देवगुराडियाला चालू आहे. आठवीच्या मुलांनी आठवडाभर घरच्या ओल्या कचऱ्याचं वजन रोज करायचं, तक्ता मांडायचा, आलेख काढायचा आणि पाचवीच्या मुलांना पत्र लिहायचं: भाजीच्या देठांपासून गॅस कसा होतो, आणि प्लास्टिकपासून तसा का होत नाही? हवा नसलेल्या टाकीत जिवाणू काय करतात हे पाचवीच्या पोराला समजेल असं लिहायचं तर आधी स्वतःला कळावं लागतं. पत्रं खरंच पाचवीत द्या, आणि पाचवीने परत प्रश्न पाठवायचे. तक्ता आणि आलेख यांच्याखाली एक वाक्य सक्तीचं ठेवा: ‘या आलेखात बघण्यासारखं काय आहे?’ रविवारी वजन का वाढलं, याचं उत्तर बहुतेक घरी पाहुण्यांत सापडतं.

परीक्षा आणि वर्षाचं गणित

पालक विचारतील, याने गुण वाढतील का? तीन गुणांच्या ‘कारणे द्या’ प्रश्नाला दावा-पुरावा-तर्क ही मांडणी जशीच्या तशी लागू पडते. पहिलं वाक्य उत्तराचं, दुसरं पाहिलेल्या किंवा वाचलेल्या गोष्टीचं, तिसरं दोघांना जोडणारं. पालक-सभेत मुलाचे दोन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवून दाखवा, तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

आपल्याकडे सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि लगेच सुट्टी लागते, म्हणून एप्रिलमध्ये फक्त कच्ची वही आणि तिचे नियम. जुलैमध्ये पोहे. पावसाळ्यात शेतातली काळी माती आणि नदीची वाळू आणून कुणात पाणी किती वेळात झिरपतं ते मोजायला सोपं, त्यावर ऑगस्टचा उतारा. पाणी उकळणं थंडीत, कारण पाच-सहा दिवे पेटवून बंद खोलीत बसायला तेव्हाच बरं वाटतं. कचऱ्याचं वजन दिवाळीनंतर घ्या. दिवाळीच्या आठवड्याचे आकडे भलतेच येतात, ते वेगळे टिपून ठेवलेत तर तुलनेला कामी येतील. फेब्रुवारीत नवीन काही काढू नका. वर्षाचे जुने मसुदे परत द्या आणि प्रत्येकाने आपला सगळ्यात कच्चा उतारा निवडून तिसऱ्यांदा लिहायचा, एवढंच.